शिंपीण, पोपट आणि समोरची साळुंकी

माणसांनी दुकानं थाटायच्या आधीची गोष्ट. शिंपीण नावाची चिमणीहून लहान पाखरीण पानं शिवून चिमुकली घरटी करायची. एक घरटं गेलं की तिला पाच दाणे मिळत. गिऱ्हाईक पाठवायला तिने पोपट ठेवला होता. घेवो न घेवो, येणाऱ्या प्रत्येकामागे त्याला एक दाणा. पोपट वडावरून सगळ्यांनाच ओरडे, "घरं बघा, घरं!" मग बगळा यायचा, घुबड यायचं, डोकावून निघून जायचं. पिल्लांसाठी साठवलेले दाणे संपत आले.

समोरच्या फांदीवरच्या साळुंकीला राहवेना. "बाई, विचारलं नाहीस तरी सांगते. काल सतरा जण आले, घेतलं एकाने. पोपटाला म्हणावं, अंगठ्याएवढ्या पाखरांनाच हाक मार. बगळा दिसला की गप्प बस."

पोपट कुरकुरला, "आणि माझे दाणे?"

"बगळ्याच्या जिवावर किती दिवस खाशील रे? हिचे दाणे संपले की तुला कोण देणार?" साळुंकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चारच जण आले, पण तिघांनी घरटं घेतलं. पिल्लं पोटभर जेवली. शिंपिणीने साळुंकीच्या फांदीवर पानं शिवून सावली करून दिली. आपल्या दाराकडची बाजू मात्र, साळुंकीला येणारे-जाणारे दिसत राहावेत म्हणून, तिने मुद्दाम उघडी ठेवली.