हिरव्या तबकडीची संमती

यंत्रे आपापसांत बोलत असत, त्या काळी एका रक्तपेढीच्या सर्व्हरवर नजर ठेवणारी तबकडी मीच होते. तो मागण्यांना किती वेळात उत्तर देतो, याची सरासरी मी दाखवत असे. सरासरी उत्तम असली, की मी हिरवी राहत असे.

एके दुपारी प्रत्येक घडामोड टिपणारी नोंदवही म्हणाली, "अगं ताई, डोंगरातल्या दवाखान्याने बाळंतिणीसाठी रक्त मागितले आहे. ती मागणी वीस मिनिटे अडकली आहे. लाल हो ना!"

"हजार मागण्यांना क्षणात उत्तर मिळाले. एकीसाठी मी रंग बदलू? तुला सरासरी शिकवायला हवी!"

सर्व्हर धापा टाकत म्हणाला, "तबकडीबाई, मला ती सुटत नाही. माणसे तुमचा रंग पाहूनच धावून येतात हो."

मी हिरवीच राहिले. कोणीही आले नाही. संध्याकाळी नोंदवहीने वाचून दाखवले, "मागणी रद्द. बाळंतीण गेली."

मग असे ठरले, की यापुढे मी सरासरी नव्हे, तर सर्वांत जास्त वेळ ताटकळलेली मागणी दाखवावी. नोंदवहीने ते तत्काळ मान्य केले, सर्व्हरनेही केले. माझी संमती सर्वांत शेवटी आली.