पिठाची पुडी आणि निळा पंप

एका गावात एक पंपमिस्त्री होता. "मेलेला पंप माझ्या हाताला लागला की उठून पळतो," असं तो सांगायचा आणि लगेच स्वतःच पुस्ती जोडायचा, "कधीकधी दुकानाच्या दारापर्यंतच."

जुने पंप घ्यायचे, खोलायचे, बेअरिंग बदलायचं, रंग मारून विकायचे, हा त्याचा धंदा. विकणारा खोट लपवतो असा मिस्त्रीला संशय, मिस्त्री खोट लपवतो असा घेणाऱ्याला संशय. दोघेही फारसे चुकत नसत.

एकदा फुलं पिकवणारी एक मावशी आली. तिचा पंप जळला होता आणि शेवंती दोन दिवसांत माना टाकणार होती. दुकानात दोनच पंप होते. एक गंजका, पण धड. दुसरा निळाशार, नवरदेवासारखा. त्याच्या अंगाला बारीक चीर होती, ती मिस्त्रीनं मसाल्यानं बुजवून वर रंगाचे दोन हात दिले होते.

"निळा न्या मावशी. अस्सल माल."

"चिरलाबिरला नाही ना?"

खरं अगदी जिभेवर आलं होतं. पण बाकावर आणखी एक गिऱ्हाईक कान टवकारून बसलं होतं. मिस्त्रीनं खरं गिळलं. "देवाशपथ नाही."

"मी शपथ कुठं मागितली?" म्हणत मावशीनं पिशवीतनं ज्वारीच्या पिठाची पुडी काढली.

"पंपावर भाकरी थापता काय?"

"तापला तर थापीन. चालू कर."

हौदातलं पाणी पाइपातून धो धो पडू लागलं. मिस्त्री खुलला. मावशीनं पंपाला कोरडं पीठ चोळलं. "आता पाइपाच्या तोंडावर तळहात दाब."

मिस्त्रीनं दोन बोटं टेकवली.

"लाजतोस काय नव्या सुनेसारखा? जोरात दाब."

त्यानं दाबलं. आत पाणी कोंडलं आणि पांढऱ्या पिठावर ओली रेघ उमटली, मिशीसारखी. बाकावरचं गिऱ्हाईक उठलं, मिस्त्रीकडून नुकताच विकत घेऊन हातगाडीवर चढवलेला आपला जुना पंप नव्यानं निरखू लागलं. मावशी पुडी बांधून निघाली.

तात्पर्य: जुन्या मालाच्या धंद्यात एक चीर लपवली की धड लोखंडही चिरलेलं दिसायला लागतं.

हे मिस्त्रीला तिथंच कळलं. म्हणून तो मागनं ओरडला, "मावशी, तो गंजका खरंच धड आहे हो!"

मावशी म्हणाली, "असेल की. पण सांगतोयस तू, तिथंच घोटाळा आहे."