गुंडाबाईचा फोटो कुणी काढेना

विजूआत्याच्या अंगणात एक बेडकी राहायची. एवढीश्शी! नाव मात्र गुंडाबाई.

आत्याने कॅमेऱ्याने फोटो काढला. खटक्! फोटो धुऊन आला. फोटोत बोका आला. जास्वंद आली. फुटकी बादलीसुद्धा आली! आणि गुंडाबाई? नुसता हिरवा डाग.

गुंडाबाईला रडूच आलं. डरांव डरांव!

टुणुक टुणुक, गेली कॅमेऱ्याकडे.
"कॅमेऱ्या कॅमेऱ्या, माझा फोटो काढ."
कॅमेरा म्हणाला, "माझ्या नाकाला चिकटून बसलीस. इतक्या जवळचं मला दिसत नाही, बाई! दोन हात लांब बस. पण आता रोल संपलाय. टेबलाचा खण रोल देईल, तर मी फोटो काढीन."

टुणुक टुणुक, गेली खणाकडे.
"खणा खणा, रोल दे. कॅमेरा फोटो काढेना."
"मी घट्ट बसलोय. आत्या ओढेल, तर मी उघडेन."

टुणुक टुणुक, गेली आत्याकडे.
"आत्या आत्या, खण ओढ. खण उघडेना, कॅमेरा फोटो काढेना."
"कशी उठू गं? मांडीवर बोका झोपलाय. बोका उठेल, तर मी उठेन."

टुणुक टुणुक, चढली आत्याच्या पाटावर.
"बोकोबा बोकोबा, ऊठ. आत्या उठेना, खण उघडेना, कॅमेरा फोटो काढेना."
बोक्याने अर्धाच डोळा उघडला. "ऊन कसं छान आहे! पडदा सरकेल, ऊन जाईल, तर मी उठेन."

टुणुक टुणुक, गेली पडद्याकडे.
"पडद्या पडद्या, सरक. बोका उठेना, आत्या उठेना, खण उघडेना, कॅमेरा फोटो काढेना."
"मला काय पाय आहेत? वारा येईल, तर मी सरकेन."

टुणुक टुणुक, गेली शेवग्याखाली. वारा वर लोळत होता.
"वाऱ्या वाऱ्या, ये. पडदा सरकेना, बोका उठेना, आत्या उठेना, खण उघडेना, कॅमेरा फोटो काढेना."
"कंटाळा आलाय. कुणी फुंकर मारेल, तर मी येईन. तूच मार की! रडताना गळा केवढा फुगवतेस!"

गुंडाबाईने गळा फुगवला. फुगवला, फुगवला, आणि... फूऽऽऽ!

वारा आला, सूंऽऽ!
पडदा सरकला, सर्र!
ऊन गेलं. बोका उठला, म्यांव!
आत्या उठली, हुश्श!
खण उघडला, खडाड्!
आत्याने कॅमेऱ्यात रोल घातला, घर्रर्र!

गुंडाबाई टुणुक पुढे!
"मागे," कॅमेरा म्हणाला.
टुणुक मागे.
"अजून मागे."
टुणुक मागे.
"आता मधोमध बस. हलू नकोस."
गुंडाबाई बसली. अगदी शहाण्यासारखी.
खटक्!

"दाखव, दाखव!"
"अगं, थांब," आत्या म्हणाली. "आधी सगळा रोल संपू दे."
मग पेरूचा फोटो. बोक्याचा फोटो. पुन्हा बोक्याचा फोटो! रोज वाट बघून गुंडाबाईचे डोळे आणखी मोठे झाले.

शेवटी रोल संपला. धुवायला गेला. फोटो आले.

डाग नाही, काही नाही! दोन डोळे. चार पाय. आणि या कानापासून त्या कानापर्यंत हसू.
"गुंडाबाई, फोटोभर तुझं तोंडच दिसतंय गं!" आत्या हसली.

"असू दे," गुंडाबाई म्हणाली. "माझंच आहे!"