मावशीच्या अंबाड्यातली गोळी

एकदा एक व्यापारी होता. त्याचे नाव आणि गाव मी सांगणार नाही, कारण तो अजून हयात आहे आणि त्याच्याकडे परवान्याची बंदूक आहे. बायकोचे नाव मात्र सांगतो: हेमांगी. या गोष्टीत तिची काहीच चूक नाही, मग तिने का लपावे?

व्यापाऱ्याचे सिमेंट-पत्र्याचे दुकान होते आणि ते झकास चालत होते. चाळिशी उलटल्यावर त्याला नेमबाजीचा नाद लागला. चाळिशीनंतर पुरुषाला काहीतरी लागतेच, कुणाला चष्मा लागतो, कुणाला अध्यात्म. याला तीन शस्त्रांची स्पर्धा लागली. ही स्पर्धा म्हणजे चटईवर पालथे पडून शांतपणे गोळ्या मारणे नव्हे. रायफल, पिस्तूल आणि छऱ्यांची बंदूक आलटून पालटून घ्यायची, धावायचे, आडोशाआडून डोकवायचे. एक लक्ष्य दोनशे मीटरवर, तर दुसरे नाकासमोर दहा पावलांवर. आणि वर घड्याळ चालू. गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत क्लबाने यासाठी मैदान केले होते, आणि तेथे शिकवायला एक वृद्ध निवृत्त सुभेदार होते. हे गृहस्थ फार कमी बोलत. फौजेत त्यांनी इतके आवाज ऐकले होते की त्यात आपली भर घालावी असे त्यांना वाटत नसे.

रायफल निवडायची वेळ आली तेव्हा सुभेदार म्हणाले, "शेठ, जी घेऊन धावता येईल तीच घ्या. आणि दुर्बीण लहान घ्या, नळीला चिकटून बसणारी."

पण शेठ कुठला ऐकतो! विक्रेत्याने त्याला सांगितले, "साहेब, ही दुर्बीण लावा, चंद्रावरचे खड्डे मोजता येतील." झाले. हा दुधीभोपळ्याएवढी दुर्बीण घेऊन आला. ती नळीवर मावेना, म्हणून उंच कड्या लावून वर चढवली. सुभेदारांनी ती रायफल हातात घेतली, खाली-वर पाहिली आणि एवढेच विचारले, "स्पर्धेत चंद्र आहे का?"

मग दुर्बीण जुळवण्याचे काम सुरू झाले. पहिली गोळी डावीकडे गेली, तशी याने लगेच स्क्रू फिरवला. दुसरी उजवीकडे गेली, याने पुन्हा स्क्रू फिरवला. तेव्हा सुभेदारांनी त्याच्या मनगटावर चापट मारली. "एका गोळीवरून माणूसदेखील ओळखत नाहीत, शेठ. तीन मारा, तिन्हींची जागा बघा, मग काय ते फिरवा." तसे केले आणि दुर्बीण जुळली. दोनशे मीटरवरच्या लोखंडी तव्यावर गोळी लागून 'ठण्ण' असा आवाज आला, आणि या गृहस्थाला आकाश ठेंगणे झाले. त्या दिवशी घरी जाताना त्याने चौकातल्या सगळ्यांना चहा पाजला.

आता थोडे घरातले सांगितले पाहिजे, त्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

हा माणूस दूरच्यांशी बोलण्यात फार गोड. परजिल्ह्यातल्या गिऱ्हाइकाचा ट्रक एक दिवस उशिरा पोचला, तर हा फोनवर अशी क्षमा मागे की तिकडचा माणूस उलट याचीच समजूत काढी. सभेत उभा राहिला की तिऱ्हाइताच्या कौतुकाला त्याला शब्द पुरत नसत. आणि हेमांगी? तिने बेचाळिसाव्या वर्षी वकिलीची परीक्षा दिली होती, घर सांभाळून, पहाटे उठून, आणि पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली होती. निकाल कळला तेव्हा हा दुकानाच्या गोदामात जाऊन सिमेंटच्या पोत्यांमागे एकटाच रडला होता. खरोखर रडला होता. पण हे हेमांगीला ठाऊक नव्हते. तिला ठाऊक होते ते याचे भाषण. गल्लीने तिचा सत्कार ठेवला, याच्या हाती माईक दिला, आणि हा हसत हसत म्हणाला, "आमच्या हिला घरात बसून कंटाळा यायचा. चला, बरा विरंगुळा झाला!"

लोक हसले, पेढे वाटले गेले. हेमांगी घरी आली आणि पुढचे चार दिवस फक्त कामापुरते बोलली. मग गुरुवारी तिने सांगितले, "रविवारी चारच्या गाडीने मी दादाकडे चाललेय. कधी येणार ते विचारू नका. मलाच माहीत नाही."

यावर शहाण्याने काय म्हणावे? हा म्हणाला, "अगं, पण रविवारी माझी स्पर्धा आहे!"

असो. शनिवारी सरावाला व्यापारी आला तो तोंड पाडूनच. त्यात त्या दिवशी सुभेदारांनी जवळचे लक्ष्य लावले. हे लक्ष्य मोठे मजेदार होते. गावातल्या पाट्या रंगवणाऱ्याकडून क्लबाने प्लायवुडची एक बाई रंगवून घेतली होती. हिरवे लुगडे, ठसठशीत नथ आणि डोक्यावर भला थोरला अंबाडा. तिला सगळे 'मावशी' म्हणत. मावशीच्या मागे एक चोर लपलेला, आणि त्याचे फक्त कपाळ आणि डोळे तेवढे अंबाड्याच्या वरून दिसत. गोळी चोराला लागली पाहिजे. मावशीला लागली तर झालेले गुणही वजा.

दहा पावले अंतर. व्यापाऱ्याने चोराच्या कपाळावर नेम धरला आणि चाप ओढला. गोळी मावशीच्या अंबाड्यात.

त्याने श्वास रोखून पुन्हा मारली. पुन्हा अंबाड्यात. तिसऱ्यांदा पुन्हा तेथेच. मागून कुणीतरी म्हणाले, "अहो शेठ, चोराला सोडा, पण मावशीने काय घोडं मारलंय तुमचं?" सगळे खो खो हसले. व्यापारी लालबुंद झाला. "दोनशे मीटरवर तवा वाजवतो मी, आणि दहा पावलांवर ही बया मध्ये येते? दुर्बीणच बिघडली आहे!" असे म्हणून त्याने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

सुभेदारांनी तो काढून घेतला. सगळ्यांच्या बंदुका रिकाम्या करवल्या, सावकाश चालत लक्ष्यापाशी गेले, डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि चोराच्या डोक्यावर उभी खोचून ठेवली. मग परत येऊन म्हणाले, "आता चोराकडे बघू नका. माझ्या टोपीवर नेम धरा."

"टोपीवर? साहेब, टोपी फाटेल की!"

"माझी आहे. फाटू द्या."

"पण मारायचं आहे चोराला, आणि नेम टोपीवर? हे काय खूळ?"

सुभेदारांनी नुसते टोपीकडे बोट दाखवले. व्यापाऱ्याने देवाचे नाव घेतले, टोपीच्या बरोबर मध्यावर नेम धरला आणि चाप ओढला. सगळे पुढे धावले. टोपीला धक्का नव्हता. मावशी सुखरूप. गोळी चोराच्या कपाळाच्या मधोमध. व्यापारी कधी टोपीकडे बघे, कधी चोराकडे.

सुभेदारांनी टोपी झटकून पुन्हा डोक्यावर चढवली आणि म्हणाले, "शेठ, दुर्बीण उत्तम आहे, हातही उत्तम आहे. तुमच्या मनात चोरच होता, मावशी नव्हती, हेही मला मान्य. पण तुम्ही बघता वरच्या काचेतून, आणि गोळी सुटते खालच्या नळीतून. मध्ये दोन बोटांचं अंतर आहे. ती दोघं लांब गेल्यावर कुठे एकत्र येतात. जवळ गोळी अजून खालीच असते. म्हणून जो जवळ उभा आहे, त्याला ती नेहमी खालीच लागते."

"मग स्क्रू फिरवून जवळचं जुळवून घेतो ना!"

"मग लांबचं जाईल. याला स्क्रू नाही, शेठ. याला ध्यान लागतं. जवळच्यावर धरताना, वाटतं त्यापेक्षा दोन बोटं वर धरायचं. धरताना वेड्यासारखं वाटतं, उगाच जास्त होतंय असं वाटतं. वाटू द्यायचं." मग सुभेदार आवाज खाली आणून म्हणाले, "देवाने माणूसही असाच बनवलाय. डोळे वर, तोंड खाली. सत्काराला मीही होतो. मी तुमच्या डोळ्यांत पाहिलं, कौतुक भरून आलं होतं. पण तोंडातून सुटलं काय, आणि लागलं कुठे, ते तुम्ही वळून बघितलंत का?"

एवढे लांब भाषण सुभेदारांनी आयुष्यात केले नव्हते. ते पाणी प्यायला निघून गेले. व्यापारी तेथेच उभा राहिला. त्याने मावशीच्या अंबाड्यातली तीन भोके एकेक करून बोटाने चाचपली.

रविवार उजाडला. स्पर्धेत व्यापाऱ्याने जवळच्या सगळ्या फेऱ्या पार पाडल्या, आणि मावशीच्या केसालाही धक्का लागला नाही. दुपारी तो सर्वांच्या पुढे होता. राहिली होती फक्त दोनशे मीटरची फेरी, त्याची हुकमी. करंडक टेबलावर मांडून ठेवलेला. आणि नेमक्या त्याच वेळी खाणीच्या मागच्या उतारावरून कुणाच्या तरी शेळ्या मैदानात शिरल्या. गोळीबार बंद. पंचांनी शिट्टी फुंकली, दोघे-तिघे हातवारे करत धावले, त्यामुळे शेळ्या आणखी पसरल्या. शेळ्यांना नियम कोण सांगणार! साडेतीन वाजत आले. 'दहा मिनिटांत सुरू करू,' असे पंच दर दहा मिनिटांनी सांगत होते.

व्यापाऱ्याने एकदा करंडकाकडे पाहिले, एकदा घड्याळाकडे. मग रिकामी रायफल सुभेदारांच्या स्वाधीन केली.

"साहेब, माझं नाव कापायला सांगा. माझी एक जवळची फेरी राहिलीय."

सुभेदार म्हणाले, "वर धरा."

मोटारसायकलवरून स्टँडकडे जाताना तो वाक्ये जुळवू लागला. पहिले सुचले ते असे: 'बरं, झालं गेलं विसर.' हे त्याने मनातल्या मनात मारून पाहिले. थेट अंबाड्यात! मग सुचले: 'माझं जरा चुकलंच.' हेही त्याला खालीच वाटले, त्या 'जरा'मुळे. त्याने आणखी वर धरले. इतके वर धरले की त्याची त्यालाच लाज वाटू लागली. तेव्हा त्याला सुभेदारांचे शब्द आठवले आणि तो समजला की आता बरोबर आहे.

गाडी फलाटाला लागलेली होती. हेमांगी खिडकीशी बसली होती, मांडीवर पिशवी. तो खिडकीखाली उभा राहिला आणि सभेत बोलतो त्या आवाजात म्हणाला, "या बाईंनी बेचाळिसाव्या वर्षी वकिलीची परीक्षा पहिल्या वर्गात पास केली. घरातलं एक काम न चुकवता केली. आणि मी गाढव, मी त्याला विरंगुळा म्हटलं. आमच्या घराण्यात आजवर एवढं शिकलेलं कुणी नाही. मी तर मुळीच नाही."

सगळी गाडी खिडक्यांतून बघू लागली. मागच्या बाकावरच्या एका आजीबाई म्हणाल्या, "बाई गं, हा प्यायलाय की काय?"

"अहो, हळू!" हेमांगी दबक्या आवाजात म्हणाली. "लोक ऐकताहेत."

"ऐकू दे. लोकांसमोर कमी बोललो होतो, मग भरपाई कानात कुजबुजून कशी होईल?" आणि मग त्याचा सभेचा आवाज फुटला. "निकाल लागला ना, त्या दिवशी मी गोदामात जाऊन रडलो होतो गं. पोत्यांमागे. आनंदाने."

हेमांगीने मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. "हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

"तोंडापर्यंत आलं होतं. बाहेर पडताना दुसरंच पडलं."

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली. हेमांगीने पदराने डोळे टिपले आणि खिडकीतून म्हणाली, "दादाला शब्द दिलाय, जायला तर हवंच. बुधवारी येते. स्टँडवर न्यायला या."

व्यापाऱ्याच्या जिभेवर 'बरं' आले होते. एवढेच, दोन अक्षरी, कोरडे. ते त्याने गिळले, दोन बोटे वर धरले आणि गाडीबरोबर धावत ओरडला, "बुधवारी कशाला? मी मंगळवारपासूनच येऊन बसतो!"

"काही नको, दुकान कोण बघेल?" असे तिने म्हटले खरे, पण हसू काही तिला आवरता आले नाही. आजीबाईही हसल्या. वळणापर्यंत ती खिडकीतून मागे बघत होती.

करंडक दुसऱ्याच कुणीतरी नेला. कुणी, ते मी विचारलेही नाही.

मंगळवारी संध्याकाळी स्टँडवर शेवटची गाडी आली. हेमांगी एक दिवस आधीच तीतून उतरली, आणि तो खरोखरच बाकावर बसलेला होता.