दीडशे पोत्यांचा संघ

पौषातली सकाळ होती. धुकं असं दाट, की कुंभेरीच्या मैदानात उभं राहून गोलचे खांब दिसत नव्हते. दिसत काही नव्हतं, पण ऐकू मात्र सगळं येत होतं!

"वाढलेली पन्नास पोती माझी! नाहीतर शेजारच्या रघोजीराजांची पायरी इथून दोन कोसांवर आहे!"

हा आवाज हैबतीचा. कुंभेरी संस्थानाच्या हॉकी संघात गोल मारणारा गडी तो. आता भांडण कशाचं, तेही सांगतो. शेजारपाजारच्या चार संस्थानिकांनी मिळून ठराव केला होता, की खेळाडूंच्या पगारावर वर्षाला शंभर पोती भाताच्या वर कोणी खर्च करायचा नाही. काय करतील बिचारे! चढाओढीत एकानं घरचा हत्ती विकायला काढला होता. शंभरातली वीस पोती हैबतीला, बाकी दहा जणांना आठ-आठ. बरं चाललं होतं. यंदा पीक उदंड आलं आणि चौघांनी मर्यादा दीडशेवर नेली. झालं! वर्षभर पोटभर जेवणारे अकरा गडी त्या दिवसापासून स्वतःला उपाशी समजायला लागले.

"त्याला पन्नास वाढणार असतील तर आम्हाला पाच-पाच तरी वाढवा," गोलकीपर नथू म्हणाला, "नाहीतर आम्हीही निघालो!" आणि दहा काठ्या धाडधाड जमिनीवर पडल्या.

कुंभेरीच्या भवानजीराजांनी बोटांवर मोजून पाहिलं. हैबतीची सत्तर, दहा जणांची एकशेतीस. दोनशे!

"दीडशेवर एक दाणा गेला तर सामन्यातून आपलं नाव कटेल, सरकार," दिवाणजी म्हणाले. "आणि दीडशे दिली तरी कोठार रिकामं. मग मैदानावरच्या चार माणसांचा शिधा बंदच करावा लागेल."

धुक्यातून मैदान सपाट करायच्या रुळाची करकर येत होती. ती थांबली. मैदान राखणारी तानूबाई रूळ सोडून पुढं आली. चौघांतली एक तीच.

"सरकार, मर्यादा वाढली म्हणून तेवढं वाटलंच पाहिजे होय? घंगाळ मोठं आणलं म्हणून माणूस जास्त मळतो काय?"

राजे आधीच तापलेले. "फार कळतं ना तुला? मग तूच हिशेब बसव! रविवारी रघोजीरावांशी सामना आहे. अकराच्या अकरा मैदानात पाहिजेत, कोणी रुसता कामा नये आणि मर्यादा मोडता कामा नये. जमलं तर चौघांचा शिधा चालू. नाही जमलं तर रूळ डोक्यावर घे आणि चालू लाग!"

"जमेल की. पण रविवारपर्यंत दीडशे पोती माझ्या हाती द्या."

दुपारी धुकं विरलं, तेव्हा हैबतीच्या दारात बैलगाड्यांची रांग उभी!

"हे काय, आक्का?"

"दीडशे पोती. सगळी तुझी," तानूबाई म्हणाली. "आजपासून संघही तुझा. रविवारी दहा गडी घेऊन ये म्हणजे झालं. त्यांना काय द्यायचं ते तू बघ."

हैबतीचा आनंद गगनात मावेना! दहा जणांना जुनी आठ-आठ दिली, की आपल्याला सत्तर! बायको मात्र करवादली, "पोती आत आली, आता आपण कुठं निजायचं? गोठ्यात?" तिच्याकडे लक्ष न देता तो नथूकडे गेला.

"नथू, तुला आठ."

"तेरा! नाहीतर रघोजीराजांची पायरी दोन कोसांवर आहे."

"अरे, गोल मारतो कोण? मी!"

"मार की. समोरच्यांनाही मारू दे. मी कशाला आडवा येऊ?"

हैबती तिथून इस्माईलकडे गेला. इस्माईल काठीला तेल लावत बसला होता. "दादा, गोल तू मारतोस खरं, पण चेंडू तुझ्यापर्यंत येतो कसा? आपल्या पायांनी चालत?"

तिसऱ्यानं चौदा मागितली, म्हणून नथूनं पंधरा केली, म्हणून इस्माईलनं सोळा! शनिवारी हैबतीनं हिशेब केला, तर त्याच्या वाट्याला पाच पोती राहत होती. पाच! तो तसाच धावत वाड्यावर आला.

"सरकार, माझी जुनी वीस द्या आणि हा संघ तुमचा तुम्ही सांभाळा! या नऊ-दहा हट्टी माणसांना पोसायचं म्हणजे..."

"दहा नाही, अकरा," राजे म्हणाले. "मी इतकी वर्षं अकरा पोसले!"

तानूबाई नथूच्या ओसरीवर जाऊन बसली. बाकीचेही जमले. "हैबतीनं वीसच घेतली रे."

"वीस?" नथूनं डोकं खाजवलं. "मग आम्हाला तरी तेरा कशाला? आम्ही त्याच्याकडे बघून मागत होतो."

"पीक चांगलं आलंय. सगळ्यांना एकेक पोतं वर घ्या. हैबतीलाही."

रविवारी अकराच्या अकरा मैदानात! पगार एकशे अकरा पोती, कोठारात एकोणचाळीस शिल्लक. रघोजीरावांनी मात्र दीडशेच्या दीडशे वाटली होती, त्यातली निम्मी एकट्यालाच. त्या एकट्याकडे बाकीच्या दहांनी अख्ख्या सामन्यात एकदाही चेंडू दिला नाही. इकडे हैबतीनं तीन गोल मारले, आणि दर वेळी आधी इस्माईलच्या गळ्यात पडला!

राजांनी तानूबाईला बोलावलं. "चौघांचा शिधा तर चालूच. वर तुला काय पाहिजे, माग!"

"रूळ ओढायला बैलजोडी द्या, सरकार. बैलांचं एक बरं असतं, शेजारच्याला किती वैरण घातली ते बघून रुसत नाहीत."

राजे पोट धरून हसले! बैलजोडी तर दिलीच, वर दहा पोती भातही दिला.

शेजारच्या खुर्चीवरचे रघोजीराव काही हसले नाहीत. ते तानूबाईकडे बघत हळूच राजांच्या कानाशी वाकले.

"भवानजीराव, आपल्या ठरावातली ती मर्यादा खेळाडूंच्याच पगाराला आहे. मैदानवालीच्या पगाराला नाही ना?"