कापूस कोंबलेली घुंगरं

मला एक सांगा. तुमचा पाय दुखतोय आणि समोर दोन माणसं आहेत. एक म्हणतं, "चोळ आणि पळ, उद्या बरा होशील." दुसरं म्हणतं, "आधी खाली बस, कधीपासून दुखतंय ते सांग." विश्वास कोणावर ठेवाल? उत्तराची घाई नको. घाईचं उत्तर बहुतेक पहिल्याच्याच पदरात पडतं. आधी गोष्ट ऐका.

एका घाटाखालच्या गावात एक जासूद, म्हणजे पत्रं पोचवणारा गडी, राहत होता. नाव सटवाजी. बंदरावरून वरच्या पेठेत जाणारी पत्रांची थैली टप्प्याटप्प्यानं पळवत नेली जाई. त्यातला दोन कोसांचा टप्पा सटवाजीचा. हातात काठी, काठीला घुंगरं. घुंगरं वाजली की पुढच्या चौकीवरचा धोंडू कंबर कसून उभा राही आणि पळतापळताच थैली एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाई.

ही डाक शिवलिंगशेटांची. माणूस सरळ, पण नियम कडक: थैली घेऊन जो चालत येईल, त्याची काठी दुसऱ्याला मिळेल.

एका चैत्रात खालच्या टप्प्याचा गडी दोन महिन्यांसाठी सासुरवाडीला गेला. सटवाजी चारचौघांत छाती काढून म्हणाला, "त्याचेही दोन कोस मीच पळतो. त्यात काय आहे!" आणि काल दोन कोस पळणारा माणूस आज चार कोस पळू लागला. वहाणा जुन्याच, एका बाजूनं झिजलेल्या. वाट नवी, फरसबंदीची.

आठवडाभर वाहवा झाली. दुसऱ्या आठवड्यात नडगीच्या आतल्या कडेनं कळ येऊ लागली. आधी नुसती पळायला लागताना यायची, अंग तापलं की जायची. सटवाजी म्हणाला, "पळूनच जिरवतो." पण दुखणं काही जिरलं नाही. मग ते संध्याकाळीही येऊन बसू लागलं.

बाजारात एक तेलविक्या होता. त्यानं पाय बघितलासुद्धा नाही. "अंगठ्यानं रगड, वरून पट्टा आवळ, उद्या हरणासारखा पळशील," म्हणाला. सटवाजीनं रगडलं. दुसऱ्या दिवशी नडगी दुप्पट ठणकली.

आता पाय लंगडू लागला आणि पायाबरोबर घुंगरंही. धोंडू थट्टेखोर. थैली घेताघेता म्हणाला, "काय रे, तुझी घुंगरं आज लंगडतायत! म्हातारपण काठीला आलंय की तुला?"

सटवाजी हसला, पण आतून चरकला. काठी गेली तर? बापानं वागवलेली काठी होती ती. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी त्यानं एकेका घुंगरात कापूस कोंबला.

मिरच्यांच्या एका पोत्याला ओल लागली आणि वखारवाल्यानं ते मागे दडवलं, तर महिन्यानं दहा पोती उकिरड्यावर जातात. इथंही तसंच झालं. धोंडू चौकीमागच्या आमराईत आडवा झाला होता. घुंगरं वाजली की तो झोपेतूनही उठायचा. त्या दिवशी वाजलीच नाहीत. सटवाजी एका पायावर लंगडत त्याला शोधत फिरला, त्यात दोन घटका गेल्या. थैलीत पत्र होतं, की गलबत दोन दिवस येणार नाही, गाडे पाठवू नका. पत्र पेठेत पोचलं तेव्हा वीस गाडे घाट उतरायला लागले होते.

शिवलिंगशेटांनी दोघांना बोलावलं.

"धोंडू, झोपला होतास?"

"झोपलो होतो, शेटजी. पण आईशपथ, घुंगरं वाजली नाहीत!"

"वा! म्हणजे आता घुंगरांनाही झोप लागते?"

सगळे हसले. धोंडू रडकुंडीला आला. शेटजींनी हात पुढे केला. "ठेव तुझी काठी."

सटवाजी खाली मान घालून उभा होता. तो गप्प राहिला असता, तर त्याची काठी वाचत होती. धोंडूची मात्र गेली असती. त्यानं धोंडूकडे पाहिलं. मग तिथंच मांडी घालून बसला आणि घुंगरांतला कापूस नखानं ओढून काढू लागला. सहा घुंगरांतले सहा बोळे त्यानं शेटजींच्या पुढ्यात मांडले.

"झोप ह्यानं लागली, शेटजी. माझी नडगी दुखतेय."

"कधीपासून?"

"पंधरा दिवस होऊन गेले."

"पहिल्याच दिवशी का बोलला नाहीस?"

"चालत येईल त्याची काठी जाते, शेटजी."

शेटजींनी एक बोळा उचलून बोटांत चुरला. मग म्हणाले, "म्हणजे कापूस तू कोंबलास, पण पिंजून मीच दिला म्हणायचा." आणि गडी पाठवून त्यांनी गोजरामावशीला बोलावून घेतलं. ती हाडं बसवणारी बाई, धनगरवाड्यातली.

मावशीनं आधी वहाणा उलट्या करून पाहिल्या. मग विचारलं, "किती पळत होतास? किती पळू लागलास? कशावरनं?" शेवटी तिनं बोटानं नडगी वरून खाली चाचपली. सटवाजीनं श्वास धरून ठेवला.

"एका बोटाएवढ्याच जागी जीव जातोय, का सगळी कड दुखतेय?"

"सगळी. वीतभर."

"निजल्यावर ठणकतंय?"

"नाही."

मावशीनं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "मग हाड शाबूत आहे, लेका! एकाच जागी बोट टेकवेना, निजल्यावरही ठणकलं, तर समजायचं हाडाला चीर जाते आहे. तू थोडक्यात वाचलास. आणखी पंधरा दिवस पळला असतास, तर काठी टेकायलाच लागली असती."

सटवाजीनं सोडलेला श्वास साऱ्या ओसरीला ऐकू गेला. "पळेन ना, मावशी?"

"पळशील. पण माझ्या पंचांगानं."

तिचं पंचांग साधं होतं. रगडणं बंद. विहिरीच्या गार पाण्याची घडी दिवसातून तीनदा. तीन आठवडे पळणं नाही, दुखलं नाही तर चालायचं. कळ थांबली की रोज पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करायच्या, म्हणजे पोटऱ्या घट्ट होतात. वहाणांना नवा तळ. मग फरसबंदी सोडून कडेच्या मातीवर अर्धा कोस, एक दिवसाआड, आखूड पावलांनी. पुढं दर आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं. संध्याकाळी दुखलं तर एक पाऊल मागं यायचं.

"आणि चार कोस?" सटवाजीनं हळूच विचारलं.

"हाव सुटली की पुन्हा मलाच बोलाव. पण मी पळत नाही, चालत येईन," मावशी म्हणाली.

धोंडूची काठी धोंडूकडेच राहिली. सटवाजीच्या टप्प्यावर शेटजींनी बदली गडी लावला आणि नियम मोडीत काढला. आता दुखणं सांगणाऱ्याची काठी त्याच्याच नावानं चौकीत टांगून ठेवायची, तो बरा होईपर्यंत.

हे कळलं तसे दुसऱ्या दिवशी तिघे जासूद शेटजींच्या दारात येऊन उभे राहिले. कुणाची नडगी, कुणाची टाच. एकानंही आजवर तोंड उघडलं नव्हतं.

शेटजींनी कपाळावर हात मारला, मग हसू लागले. "अरे, माझी डाक तुमच्या पायांवर चालली होती की लाजेवर?"

तात्पर्य: दुखणं लहान असताना सांगितलं तर विश्रांतीनं भागतं, लपवलं तर ते हाडापर्यंत जातं आणि शेजाऱ्यालाही भोवतं, म्हणून विनंती एवढीच, की किती धावलो आणि किती दुखलं, याचा हिशेब निदान स्वतःशी तरी खरा ठेवा.