उस्तादांचं नाव

"उस्ताद... तुमचं नाव काय?"

बांदीनोनं विचारलं आणि त्याचे कान लाल झाले. व्हायलाच हवे होते. पिसाच्या या व्यापाऱ्याच्या पोरानं तरुणपणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, बिजाया बंदरात, याच माणसासमोर बसून हिंदुस्थानातले आकडे शिकून घेतले होते, शून्यासकट. आता इटलीभर त्याच्या ग्रंथाचा बोलबाला होता. लोक त्याला गणिताचा राजा म्हणत, आणि तोही खुशाल म्हणू देत असे.

उस्ताद आता थकले होते. समोरच्या पाटीवर पसरलेली धूळ ते बोटांनी सारखी करत होते. त्या धुळीतच त्यांची सगळी गणितं चालत.

"एवढा समुद्र ओलांडून हेच विचारायला आलास?"

"बिशपनी भर सभेत विचारलं, ही विद्या तुला दिली कुणी? ग्रंथात गुरूचं नाव हवं, म्हणाले."

"मग?"

"मी... एक नाव ठोकून दिलं."

"कुणाचं?"

बांदीनोनं मान खाली घातली.

"कुणाचं रे?"

"मखलूफचं."

"धक्क्यावरचा हमाल?"

"मला तेवढंच एक नाव ठाऊक होतं, उस्ताद. माल उतरवताना रोज त्याच्या नावानं ओरडायचो ना... तुम्हाला नुसतं उस्ताद म्हणायचो. विचारायचं कधी सुचलंच नाही."

त्याचं तोंड एवढंसं झालं. भल्याभल्या पंडितांना निरुत्तर करणारा माणूस, पण त्याला वर बघवेना.

मग त्यानं स्वतःला सावरलं. इतक्या वर्षांचा मोठेपणा असा एका दमात थोडाच उतरतो!

"पण आता नव्या प्रती निघताहेत. पहिल्याच पानावर तुमचं नाव घालतो. सगळं जग ओळखेल तुम्हाला."

उस्तादांनी धुळीत बोटानं काहीतरी लिहिलं. पाटी त्याच्याकडे वळवली.

"घे. उतरवून घे."

बांदीनो वाकला... वाकूनच राहिला.

अरबी तो फडाफडा बोलायचा. अरबी अक्षरं मात्र त्याला येत नव्हती. उस्ताद तेव्हा शिकवायला तयार होते. "व्यापाराला आकडे पुरेत," असं म्हणून हाच हसला होता. ते त्याला नेमकं आत्ता आठवलं.

"मला... वाचता येत नाही."

उस्तादांनी नुसती मान डोलावली. ते रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुम्हीच वाचून दाखवा, उस्ताद. पाया पडतो तुमच्या. मला फार लाज वाटते."



उस्तादांनी तळहात फिरवला. पाटी पुन्हा कोरी झाली.

"जाताना धक्क्यावरून जा," ते म्हणाले. "मखलूफ आहे अजून. पिसाला गणित त्यानं शिकवलं, हे बिचाऱ्याला कुणी सांगितलेलं नाही."